दोन साष्टी, दोन पारपत्रे : नागरिकत्व आणि व्हिसामुक्त प्रवास यांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

आंतरराष्ट्रीय प्रवास हा आजच्या मध्यमवर्गीय जीवनाचा एक परिचित भाग झाला आहे. शिक्षण, नोकरी, पर्यटन किंवा परदेशी स्थायिक झालेल्या मुलांची भेट अशा अनेक कारणांनी महाराष्ट्रातील माणूस विमानतळावर पोहोचतो. मात्र तेथे त्याची ओळख त्याच्या शिक्षणावरून वा चारित्र्यावरून ठरत नाही. ती त्याच्या हातातील पारपत्रावरून ठरते. एका रांगेतील प्रवासी काही मिनिटांत पुढे जातो. दुसऱ्याला त्याच देशाच्या प्रवेशासाठी काही आठवडे आधी अर्ज, बँकेचे उतारे, नोकरीचा दाखला आणि बोटांचे ठसे द्यावे लागलेले असतात. हा भेद व्यक्तीच्या गुणावगुणांचा नसून नागरिकत्वाचा आहे, हे सर्वमान्य आहे. परंतु ते नागरिकत्व त्या व्यक्तीकडे कसे आले, या प्रश्नाकडे इतिहासाच्या अंगाने फारसे पाहिले जात नाही.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी कोकण किनाऱ्यावरील दोन प्रदेश उपयुक्त ठरतात. पहिला प्रदेश म्हणजे मुंबईच्या उत्तरेकडील साष्टी बेट. आजची वांद्रे, अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, भांडुप, नाहूर, मुलुंड ही उपनगरे याच बेटावर वसलेली आहेत. दुसरा प्रदेश म्हणजे गोव्यातील मडगाव परिसराचा सासष्टी अथवा साष्टी तालुका. दोन्ही नावांची व्युत्पत्ती 'सहासष्ट गावे' अशीच सांगितली जाते. दोन्ही प्रदेश सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले आणि दोन्हीकडे आजही जुनी चर्चे आणि पोर्तुगीज आडनावे आढळतात. असे असूनही आज गोव्यातील साष्टीच्या एखाद्या कुटुंबातील नातवाला पोर्तुगालचे पारपत्र मिळू शकते आणि युरोपात तो व्हिसाविना जाऊ शकतो. नाहूर वा वांद्र्याच्या जुन्या गावठाणातील कुटुंबाला तसा कोणताही मार्ग नाही. समान वाटणाऱ्या दोन वारशांतून असा भिन्न परिणाम का निघाला, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

अभ्यासाची उद्दिष्टे व व्याप्ती :

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे तीन आहेत. दोन्ही साष्टींच्या राजकीय इतिहासातून नागरिकत्वाचे दोन मार्ग कसे निर्माण झाले ते पाहणे, हे पहिले. व्हिसामुक्त प्रवासाची सवलत काळानुसार कशी पालटत गेली याचा आढावा घेणे, हे दुसरे. या सवलतीसाठी नागरिकाला कोणती किंमत मोजावी लागते, याची चिकित्सा करणे, हे तिसरे. येथे एक भेद आरंभीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. व्हिसामुक्त प्रवास म्हणजे अल्प मुदतीसाठी पूर्वपरवानगीशिवाय मिळणारा प्रवेश होय. वास्तव्याचा आणि नोकरीचा हक्क ही त्याहून मोठी गोष्ट आहे. सामान्य बोलण्यात या दोन्हींची गल्लत होते. गोव्याच्या संदर्भात मात्र एकाच पारपत्रातून ही दोन्ही प्राप्त होतात, म्हणूनच त्या पारपत्राचे आकर्षण अधिक आहे.

दोन साष्टींचा राजकीय इतिहास :

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई व तिच्या अखत्यारीतील प्रदेश पोर्तुगीजांना दिला. त्यात मुंबईजवळची साष्टी होती. गोव्यातील साष्टी व बार्देश हे प्रांत १५४३ मध्ये पोर्तुगीजांकडे गेले. म्हणजे दोन्ही साष्टींवरील पोर्तुगीज सत्तेच्या आरंभात दहा वर्षांचेही अंतर नव्हते.

अंत मात्र एकाच वेळी झाला नाही. चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखालील मराठी फौजांनी १७३७ मध्ये ठाणे व साष्टी जिंकली आणि मे १७३९ मध्ये वसई पडली. उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्ता येथे संपुष्टात आली. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टीवरील त्यांचा ताबा मान्य झाला. तेव्हापासून नाहूर, भांडुप, मुलुंड या भागांतील आगरी, कोळी, कुणबी आणि ख्रिस्ती रहिवासी इंग्रजी सत्तेचे प्रजाजन बनले. या बेटावरील मराठीभाषक ख्रिस्ती समाजाने पुढे, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात म्हणजे १८८७ मध्ये, 'ईस्ट इंडियन' हे नाव अधिकृतपणे स्वीकारले. गोव्यातून मुंबईत येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपासून आपली ओळख वेगळी राखावी, हा त्यामागील एक हेतू होता. पोर्तुगीज वारशापासून कायदेशीरदृष्ट्या दूर गेलेल्या समाजाने नावानेही स्वतःस इंग्रजी सत्तेशी जोडून घेतले, ही बाब लक्षणीय आहे.

गोव्यातील साष्टी १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे राहिली. या दीर्घ काळात एक मूलभूत परिवर्तन घडले. अठराव्या शतकातील रयत ही राजाची प्रजा होती. आधुनिक अर्थाने 'नागरिक' ही संकल्पना तेव्हा अस्तित्वात नव्हती. पोर्तुगालच्या १८२२ च्या राज्यघटनेने नागरिकत्वाची कल्पना समुद्रापलीकडील प्रदेशांनाही लागू केली आणि गोव्याचे प्रतिनिधी लिस्बनच्या संसदेसाठी निवडले गेले. पुढे १८६७ च्या नागरी संहितेने पोर्तुगीज नागरिक कोण, हे निश्चित केले. १९१० च्या प्रजासत्ताकानंतर गोव्यातील हिंदूंनाही कायद्यापुढे समान स्थान मिळाले. आफ्रिकेतील वसाहतींमध्ये स्थानिक लोकांना नागरिकत्वाबाहेर ठेवणारे कायदे पोर्तुगालने केले होते. ते गोव्याला लागू नव्हते. त्यामुळे साष्टीतील ख्रिस्ती कुटुंबाप्रमाणेच पेडणे, सत्तरी, डिचोली येथील मराठी वळणाची हिंदू कुटुंबेही कायद्याच्या दृष्टीने पोर्तुगीज नागरिक होती.

यावरून दोन्ही साष्टींमधील फरकाचे मूळ स्पष्ट होते. मुंबईची साष्टी पोर्तुगीज सत्तेतून बाहेर पडली तेव्हा नागरिकत्व ही संस्था जन्मालाच आली नव्हती. गोव्याची साष्टी बाहेर पडली तेव्हा ती पूर्णपणे रुजली होती आणि प्रत्येक जन्माची शासकीय नोंदवहीत नोंद होत होती. एका ठिकाणी वारसा चर्च, आडनावे आणि बोलीतील शब्द यांत राहिला. दुसऱ्या ठिकाणी तो दप्तरात राहिला. व्हिसाच्या खिडकीवर उपयोगी पडते ते दप्तर.

पारपत्रापूर्वीचा प्रवास :

पारपत्राची सक्ती फार प्राचीन आहे, असा एक समज आढळतो. वस्तुतः ती प्रामुख्याने विसाव्या शतकातील आहे. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून जहाजाने निघाल्या आणि जून महिन्यात न्यूयॉर्कला उतरल्या. त्यांच्या मार्गात पैशाची अडचण होती, समाजाचा विरोध होता, धर्मांतराची भीती दाखवली जात होती. परंतु आजच्या अर्थाने व्हिसा ही अडचण नव्हती. हा काळ सर्वांसाठी मुक्त होता, असेही मात्र नव्हे. त्याच्या आदल्याच वर्षी, १८८२ मध्ये, अमेरिकेने चिनी मजुरांना प्रवेशबंदी करणारा कायदा केला होता. अडथळा कागदाचा नसला तरी वंशाचा होता, आणि तो हळूहळू इतरांकडेही सरकत होता.

ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन असूनही भारतीयांना साम्राज्यात सर्वत्र प्रवेश नव्हता, हे १९१४ मध्ये 'कोमागाता मारू' जहाजाच्या प्रकरणाने सिद्ध केले. ३७६ प्रवाशांचे हे जहाज २३ मे १९१४ रोजी व्हँकुव्हरला पोहोचले. बहुसंख्य प्रवाशांना किनाऱ्यावर उतरू दिले गेले नाही आणि दोन महिन्यांनी जहाज परत फिरवण्यात आले. मूळचे वर्ध्याचे असलेले पांडुरंग सदाशिव खानखोजे याच काळात अमेरिकेतील गदर चळवळीत होते. पुढे त्यांनी मेक्सिकोमध्ये शेतीशास्त्रज्ञ म्हणून कीर्ती मिळवली. ब्रिटिश अमदानीत काळ्या यादीत गेलेल्या या देशभक्ताला स्वातंत्र्यानंतर भारतात येण्यासाठीही प्रथम व्हिसा नाकारण्यात आला होता. नंतर तो निर्णय बदलण्यात आला. राज्यसत्ता बदलली तरी दप्तरातील नोंद लगेच बदलत नाही, याचे हे बोलके उदाहरण होय.

पहिल्या महायुद्धाने पारपत्राची तात्पुरती सक्ती कायमची केली. राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने १९२० मध्ये पॅरिस येथे झालेल्या परिषदेत पारपत्राच्या पुस्तिकेचा समान नमुना सुचवण्यात आला. त्याच वर्षी हिंदुस्थानात प्रवेशासाठी पारपत्र आवश्यक करणारा कायदा झाला. यानंतर प्रवासी ही व्यक्ती राहिली नाही. ती एका राज्यसंस्थेची जबाबदारी बनली.

१९४७ ते १९६१ : उलट दिशेची तफावत :

आजची परिस्थिती पाहता गोव्याच्या साष्टीला नेहमीच अधिक प्रवासस्वातंत्र्य होते, असे वाटण्याचा संभव आहे. इतिहास याच्या नेमका विरुद्ध आहे. १९४८ च्या ब्रिटिश राष्ट्रीयत्व कायद्यानुसार राष्ट्रकुलातील देशांच्या नागरिकांना ब्रिटनमध्ये जाऊन राहण्याची व काम करण्याची मोकळीक होती. भारत प्रजासत्ताक झाल्यावरही राष्ट्रकुलात राहिला. त्यामुळे १९५० च्या दशकात वांद्र्याच्या वा ठाण्याच्या भारतीय नागरिकाला ब्रिटनमध्ये प्रवेशासाठी व्हिसा लागत नव्हता. गोव्याचा पोर्तुगीज नागरिक मात्र ब्रिटिश कायद्याच्या दृष्टीने परका होता.

तथापि ही मोकळीक प्रत्यक्षात मर्यादितच होती. दरवाजा ब्रिटनने उघडा ठेवला असला तरी पारपत्र देणे न देणे भारत सरकारच्या हाती होते, आणि अल्पशिक्षितांना व मजुरांना ते सहजासहजी मिळत नसे. पारपत्र हा नागरिकाचा हक्क नसून शासनाचा अनुग्रह आहे, अशी तेव्हाची भूमिका होती. सतवंत सिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १० एप्रिल १९६७ रोजी ही भूमिका अमान्य केली. परदेशप्रवासाचा हक्क घटनेच्या अनुच्छेद २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, असा निर्णय बहुमताने देण्यात आला. त्यानंतर त्याच वर्षी पारपत्र कायदा संमत झाला. १९७८ च्या मनेका गांधी खटल्याने हा हक्क अधिक दृढ केला. परंतु येथे एक महत्त्वाची मर्यादा लक्षात घेतली पाहिजे. भारतीय न्यायालय देश सोडण्याचा हक्क देऊ शकते, दुसऱ्या देशात प्रवेशाचा हक्क देऊ शकत नाही. मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यातही कोणताही देश सोडण्याचा आणि स्वदेशी परतण्याचा हक्क नमूद आहे. परक्या देशात प्रवेशाचा हक्क त्यात नाही. व्हिसा या संस्थेचा सर्व व्यवहार या रिकाम्या जागेत चालतो.

याच दशकात खुद्द गोवा व मुंबई यांच्यातील प्रवास अवघड झाला. मुंबईत धोबीतलाव, माझगाव परिसरातील 'कुडां'मध्ये गावागावांनुसार राहणारे हजारो गोवेकर खलाशी, आचारी, वादक म्हणून काम करीत. त्यांच्या दृष्टीने मुंबई हे परक्या देशातील शहर कधीच नव्हते. १९५४-५५ च्या नाकेबंदीने मात्र सीमेवर परवाने आले आणि रेल्वेचा संपर्क तुटला. याउलट ना. ग. गोरे व सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखालील तुकडी १८ मे १९५५ रोजी गोव्यात शिरली आणि १५ ऑगस्ट १९५५ रोजी महाराष्ट्रासह देशभरातील सत्याग्रही मोठ्या संख्येने सीमेवर गेले. परवान्याविना सीमा ओलांडणे हाच त्यांच्या सत्याग्रहाचा मुख्य आशय होता. ही सीमा आम्ही मानत नाही, एवढेच त्यांना सांगायचे होते.

१९६१ ते १९७५ : दोन राज्यांचे दोन दावे :

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. २८ मार्च १९६२ च्या गोवा, दमण व दीव नागरिकत्व आदेशाने, २० डिसेंबर १९६१ पूर्वी या प्रदेशात स्वतः जन्मलेली अथवा जिचे आई-वडील वा आजी-आजोबा यांपैकी कोणी तेथे जन्मले होते अशी प्रत्येक व्यक्ती भारतीय नागरिक झाल्याचे मानण्यात आले. ज्यांना पूर्वीचे राष्ट्रीयत्व कायम ठेवायचे होते, त्यांनी एका महिन्याच्या आत तसे लेखी निवेदन द्यावयाचे होते. साडेचार शतकांच्या राजकीय संबंधाविषयी निर्णय घेण्यास मिळालेली ही मुदत होती.

असे निवेदन देणाऱ्यांपैकी फादर सेबास्तियाँव फ्रान्सिस्को शाव्हियेर दोस रेमेदियोस मोंतेरो यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्यांनी पोर्तुगीज राष्ट्रीयत्व कायम ठेवले. त्यामुळे जन्मभूमीत राहण्यासाठी त्यांना तात्पुरता वास्तव्य परवाना घ्यावा लागला. परवान्याची मुदत संपल्यावर त्यांनी नूतनीकरणाचा अर्ज केला नाही आणि ते देश सोडूनही गेले नाहीत. परकीय नागरिकांविषयीच्या कायद्याखाली त्यांना तीस दिवसांची साधी कैद व पन्नास रुपये दंड झाला. जिनिव्हा करारांचा आधार घेऊन त्यांनी केलेले अपील न्यायालयाने १९६९ मध्ये फेटाळले. माणूस आपल्या गावातून न हलताही परका होऊ शकतो, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

दुसरीकडे पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व तेव्हा मान्य केले नाही. १९७४ च्या क्रांतीनंतर परिस्थिती पालटली आणि ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्लीत झालेल्या करारान्वये पोर्तुगालने ते मान्य केले. हा करार १९७५ मध्ये अमलात आला. तथापि मुक्तीपूर्वी जन्मलेल्या गोवेकरांचे पोर्तुगीज राष्ट्रीयत्व संपले, असे पोर्तुगालने मानले नाही. पुढे ३ ऑक्टोबर १९८१ च्या राष्ट्रीयत्व कायद्याने परदेशात जन्मलेल्या अपत्यांनाही नोंदणीच्या मार्गाने पालकांचे राष्ट्रीयत्व मिळण्याची तरतूद केली. अशा रीतीने १९६१ पूर्वीची एक जन्मनोंद लिस्बनच्या नोंदणी कार्यालयात दाखल झाली की पुढील पिढ्यांना मार्ग मोकळा होऊ लागला. एकाच जन्माविषयी दोन राज्यांचे दोन दावे एकाच वेळी कागदावर जिवंत राहिले.

१९८६ : एका वर्षातील दोन घटना :

जोपर्यंत पोर्तुगाल हा पश्चिम युरोपातील एक गरीब आणि एकाकी देश होता, तोपर्यंत या दुसऱ्या दाव्याला व्यावहारिक मूल्य फारसे नव्हते. १ जानेवारी १९८६ रोजी पोर्तुगाल युरोपीय आर्थिक समुदायाचा सदस्य झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्रिटनने भारतीय नागरिकांना व्हिसा बंधनकारक केला. ब्रिटनमधील मुक्त प्रवेश १९६२ च्या राष्ट्रकुल स्थलांतर कायद्याने आधीच आटला होता. १९७१ च्या कायद्याने तो आणखी संकुचित केला होता. परंतु अल्पकालीन भेटीसाठीही आगाऊ व्हिसा घेण्याची सक्ती १९८६ ची. त्या एका वर्षात दोन्ही साष्टींचे पारडे उलटले.

यानंतरच्या घटनांनी हे अंतर वाढवले. संक्रमणकाळ संपल्यावर १९९२ पासून पोर्तुगीज कामगारांना समुदायातील अन्य देशांत मुक्त संचार मिळाला. १९९३ मध्ये युरोपीय नागरिकत्वाची संकल्पना अमलात आली. २६ मार्च १९९५ पासून शेंगेन व्यवस्था लागू झाली आणि पोर्तुगाल तिच्या पहिल्या देशांपैकी एक होता. १९९९ मध्ये अमेरिकेच्या व्हिसामाफी योजनेत पोर्तुगालचा समावेश झाला. याच्या उलट, युरोपीय संघाने २००१ मध्ये केलेल्या नियमावलीत व्हिसा आवश्यक असलेल्या देशांच्या यादीत भारत होता, आणि नंतरच्या यादीतही तो आहे. लिस्बनला कधीही न गेलेले, पोर्तुगीज न बोलणारे अनेक गोवेकर या पारपत्रावर ब्रिटनमधील स्विंडनसारख्या शहरांत स्थायिक झाले, याचे कारण या घटनाक्रमात आहे.

ही स्थितीही अढळ राहिली नाही. ब्रिटनने २०१६ मध्ये युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी मुक्त संचार संपला. त्यापूर्वी पोहोचलेल्यांचे हक्क नोंदणीने राखले गेले. नंतर जाणाऱ्या पोर्तुगीज नागरिकाला ब्रिटनमध्ये भेट देता येते, पण केवळ पारपत्राच्या बळावर नोकरी करता येत नाही. एप्रिल २०२५ पासून तर युरोपीय प्रवाशांनाही निघण्यापूर्वी विद्युतीय प्रवास अनुमती घ्यावी लागते. ज्या दरवाजासाठी अनेकांनी भारतीय नागरिकत्व सोडले, तोच दरवाजा त्यांच्या धाकट्या भावंडांसाठी बंद झाला.

नागरिकत्वाची किंमत :

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद ९ मध्ये आणि नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ९ मध्ये एकेरी नागरिकत्वाचे तत्त्व आहे. स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व स्वीकारणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व आपोआप संपते. १९५६ च्या नियमांनुसार परदेशी पारपत्र मिळवणे हा स्वेच्छास्वीकाराचा निर्णायक पुरावा मानला गेला. इझहार अहमद खान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये या नियमाची वैधता मान्य केली. तो खटला फाळणीनंतरच्या पाकिस्तानी पारपत्रांशी संबंधित होता. मात्र त्याचा परिणाम गोव्याच्या घराघरांत जाणवला.

गोव्यासंबंधीची गुंतागुंत 'स्वेच्छा' या शब्दात आहे. पोर्तुगीज कायद्याच्या दृष्टीने १९६१ पूर्वी जन्मलेला गोवेकर नवे नागरिकत्व घेत नाही, असलेलेच नोंदवतो. भारतीय कायद्याच्या दृष्टीने तो १९६१ मध्ये भारतीय झाला आहे आणि आता परकीय नागरिकत्व स्वीकारीत आहे. मग भारतीय नागरिकत्व नेमके कधी संपते? लिस्बनमध्ये जन्मनोंद झाली त्या दिवशी, ओळखपत्र मिळाले तेव्हा, की पारपत्र हाती आले तेव्हा? हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. मतदार यादीतील नाव, निवडणूक लढवण्याची पात्रता, शासकीय नोकरी आणि शेतजमिनीची खरेदी हे सर्व त्यावर अवलंबून आहे.

२००५ पासून दिले जाणारे परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे कार्ड, म्हणजे ओसीआय, या कोंडीवरचा अर्धा उपाय आहे. त्याच्या नावात नागरिकत्व असले तरी स्वरूपाने तो आजीवन व्हिसा आहे. कार्डधारकास मतदानाचा हक्क नाही, घटनात्मक पदे नाहीत आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. २०२२ च्या अखेरीस परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचनेनंतर, परदेशी नागरिकत्व मिळाल्यावरही भारतीय पारपत्र बाळगणाऱ्यांची पारपत्रे परत घेण्याऐवजी रद्द केली जाऊ लागली. ओसीआयसाठी तर पारपत्र परत केल्याचा दाखला आवश्यक होता. परिणामी अनेकांचा हाही मार्ग खुंटला. एप्रिल २०२४ मध्ये पारपत्र रद्द केल्याचा आदेश पर्यायी दस्तऐवज म्हणून स्वीकारण्याचा निर्णय झाला आणि काही दिलासा मिळाला. युरोपात व्हिसाविना जाण्यासाठी पारपत्र बदलणाऱ्या माणसाला वडिलोपार्जित घरी येण्यासाठी परवानगीचे कार्ड घ्यावे लागते, हा या व्यवहाराचा दुसरा चेहरा आहे.

तुलनेसाठी मॉरिशस :

हा विषय केवळ पोर्तुगीज वारशापुरता मर्यादित नाही, हे मॉरिशसच्या उदाहरणाने स्पष्ट होते. १८३४ नंतर करारबद्ध मजुरांच्या भरतीत मुंबई बंदरातून, विशेषतः रत्नागिरी व परिसरातून, अनेक मराठी कुटुंबे मॉरिशसला गेली. त्यांच्या वंशजांनी गणेशोत्सव राखला आणि शाळांतून मराठीचे शिक्षण टिकवले. १२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाला आणि ते त्या देशाचे नागरिक झाले. मे २००९ मध्ये युरोपीय समुदायाने मॉरिशसशी अल्पकालीन व्हिसामाफीचा करार केला.

आज रत्नागिरीतील भारतीय पर्यटकाला मॉरिशसमध्ये आगाऊ व्हिसा लागत नाही. पण तेथून पुढे पॅरिसला जाण्यासाठी त्याला शेंगेन व्हिसा हवा. मॉरिशसमधील त्याच्या दूरच्या भाऊबंदाला तो नको. येथे भाषा एक, कुलदैवतही कदाचित एक, आणि मॉरिशसच्या कुटुंबाचा पूर्वज तर दारिद्र्यामुळे देश सोडून गेलेला. राहिलेल्या शाखेत काही उणे नव्हते आणि गेलेल्या शाखेने या सवलतीसाठी काही केले नव्हते. कमी लोकसंख्येच्या देशाविषयी श्रीमंत देशांना स्थलांतराचे भय कमी वाटते आणि व्हिसामाफी अशाच राजकीय हिशेबातून दिली जाते.

भारतीय पारपत्रधारकालाही काही दारे उघडी आहेत. १९५० च्या करारामुळे नेपाळला जाण्यासाठी पारपत्राचीही गरज नाही. थायलंड व मलेशिया यांनी २०२३ च्या अखेरीस भारतीयांना व्हिसामुक्त प्रवेश दिला. मात्र तो पर्यटनवृद्धीसाठी व ठरावीक मुदतीपुरता जाहीर झालेला होता. अशी सवलत देणारा देश ती परतही घेऊ शकतो.

समारोप व निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

पहिला निष्कर्ष असा की, व्हिसामुक्त प्रवासाचा लाभ वारशाच्या खोलीवर अवलंबून नसून सत्तांतराच्या तारखेवर अवलंबून आहे. दोन्ही साष्टींवर पोर्तुगीज सत्तेचा दीर्घकाळ अंमल होता. पण नागरिकत्वाच्या कायद्यापूर्वी जी मुक्त झाली तिला केवळ स्मृती मिळाली, आणि नंतर जी मुक्त झाली तिला स्मृतीबरोबर कागदही मिळाला.

दुसरा निष्कर्ष असा की, पारपत्राचे सामर्थ्य स्थिर नसते. १९५५ मध्ये ब्रिटनच्या दारात भारतीय पारपत्र वरचढ होते, १९९५ मध्ये पोर्तुगीज पारपत्र वरचढ झाले, आणि २०२१ पासून त्यालाही मर्यादा आली. म्हणून आजच्या क्रमवारीकडे पाहून कायमचे नागरिकत्व बदलणाऱ्या कुटुंबाने, आपण बदलत्या लाभासाठी सहसा परत न मिळणारी गोष्ट देत आहोत, हे लक्षात घेणे आवश्यक ठरते. ज्याला उदरनिर्वाहाचा अन्य मार्ग नाही त्याचा निर्णय यामुळे चुकीचा ठरत नाही. पण तो निर्णय पूर्ण माहितीनिशी व्हावा, एवढी अपेक्षा ठेवता येते.

तिसरा निष्कर्ष राज्यसंस्थेविषयी आहे. १९६१ च्या गोवेकराला दोन राज्यांनी आपापल्या कायद्याने नागरिक ठरवले. त्याला स्वतःला विचारले गेले ते केवळ एका महिन्यापुरते. अशा स्थितीत केवळ जन्माची नोंद आणि प्रत्यक्ष परदेशी पारपत्राचा वापर यांत कायद्याने स्पष्ट भेद करणे न्यायाचे होईल. देशनिष्ठेच्या आरोपापेक्षा स्पष्ट नियमांनी हा प्रश्न अधिक लवकर सुटेल.

नाहूरच्या गावठाणातील आणि मडगावच्या वाड्यावरील कुटुंबे एकाच किनाऱ्यावरची आहेत. त्यांच्या नातवंडांपैकी कोणी व्हिसाच्या रांगेत उभे राहावे आणि कोणी राहू नये, हे १७३९ आणि १९६१ या दोन वर्षांनी ठरवले. त्या निवडीत त्या नातवंडांचा कोणताही सहभाग नव्हता.